मी पुरुष असते तर... की असतो तर?

अर्धविराम:
परवा मैत्रिणींच्या गप्पांत एक जण वैतागून म्हणाली, "मी पुरुष असते ना, तर आत्ता बॅग उचलून निघाले असते." बाकीच्या हसल्या, मी मात्र तिथेच अडकले. पुरुष असती तर ती "निघाले असते" कसं म्हणेल? "निघालो असतो" म्हणेल ना! म्हणजे कल्पनेतसुद्धा ती काही पुरुष झाली नव्हती, बाईच राहून फक्त पुरुषाची मोकळीक उसनी मागत होती. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून हा धागा.

तर समजा, उद्या सकाळी उठलात आणि शरीर, आवाज, नाव, लोक ज्या नजरेने बघतात ती नजर, सगळं बदललंय. आठवणी तेवढ्या तुमच्याच. मुदत एक वर्ष. काय कराल, कशाची भीती वाटेल, कशाची गंमत वाटेल, आणि वर्षाने परत याल का?

अट एकच. उत्तर उलट्या क्रियापदांत लिहायचं. बायकांनी उठलो, गेलो, बसलो. पुरुषांनी उठले, गेले, बसले. मीच सुरू करतो. (टाइप करतानाच कसंतरी झालं!)

मी उठलो. दाढी बघून पोटभर हसलो. संध्याकाळपर्यंत काही विशेष केलं नाही आणि मग रात्री साडेअकराला घराबाहेर पडलो. कुठे जायला? कुठेच नाही. पुलाच्या कठड्यावर जाऊन एकटा बसलो, तास दीड तास. कुणाला लोकेशन पाठवलेलं नाही, फोनची बॅटरी किती उरलीय ते बघितलं नाही, कोण येतंय जातंय तिकडे लक्ष नाही. कुणी थांबून "काही प्रॉब्लेम आहे का" विचारलं नाही. नुसता बसलो, मग कंटाळा आला तसा उठून घरी आलो. बस, माझं एक वर्ष यातच वसूल आहे.

रिकामटेकडा:
मी उठले. आरशासमोर उभी राहिले. पुढचं इथे लिहिलं तर धागा उडेल.

नुसतीच वाचक:
अपेक्षित होतं. तो पहिला दिवस झाला, उरलेले ३६४?

रिकामटेकडा:
त्याचा विचार केली नाही.
केला नाही. विचार पुल्लिंगीच राहतो ना? सॉरी, नवीन आहे मी बाईपणात.

उंटावरचा शहाणा:
आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, हे पूर्वजांनी सांगून ठेवलंय, त्यासाठी वेगळा धागा कशाला ते समजलं नाही. जे होणं शक्य नाही त्यावर चर्चा करून प्रत्येक जण शेवटी "आमचंच कसं कठीण" एवढंच सांगणार. शंभर प्रतिसाद होतील आणि शेवटी भांडण. मी क्रियापदं वगैरे काही उलटी करणार नाही, आधीच सांगतो.

मोरपंखी:
खिसे! मी आधी खिशात हात घातले आणि हात आत जातच राहिले, जातच राहिले. फोन, किल्ल्या, पाकीट, आणि तरी जागा उरली. वाटलं, यात एक लहान मूलसुद्धा मावेल.

दुसरं म्हणजे मीटिंग. मी एकच वाक्य बोललो आणि ते वाक्य माझ्याच नावावर राहिलं. दहा मिनिटांनी दुसऱ्या कुणी तेच मोठ्या आवाजात म्हटलं नाही. "तू जरा नोट्स काढशील का" असं कुणी विचारलं नाही. आणि उत्तर द्यायच्या आधी मी हसलो नाही! हे आत्ता लिहिताना लक्षात आलं, ऑफिसात मी प्रत्येक "नाही"च्या आधी थोडीशी हसते. हसतो. जाऊ दे, हसतेच.

कुंपणावर:
मला हा खेळ फार आवडला. मला वाटतं मला कुठेही ठेवलं तरी कंटाळाच येईल. आजवर मी बरंच काही पाहिलं, ऐकलं, सहन केलं. उद्या सकाळी मी फिरायला जाईन, आल्यावर सगळे प्रतिसाद वाचेन. कळलं का कुणाला काही?

अर्धविराम:
चीटिंग!! पण भारी आहे हे. "मी पाहिलं, मी केलं"मध्ये बोलणारा लपतो, "मला वाटतं"मध्ये लपतो, आणि "जाईन, येईन"ला तर लिंगच नाही. वर्तमानकाळ आला की मात्र पकडले जातो, करतो की करते. आणि भूतकाळात कुठे पकडले जातो, तर जाण्यायेण्यात, उठण्याबसण्यात आणि हसण्यारडण्यात.

शेवटचा बाक:
काही भागांत बायकाही सर्रास "मी आलो, मी जातो" म्हणतात हं. आणि कॉलेजातल्या मुली आपसांत लाडाने "मी येतो गं" म्हणतात ते वेगळंच. त्यामुळे फार व्याकरणाचा बाऊ करू नका.

गोगलगाय:
मी उठले. मुलीला घेऊन बागेत गेले. तिला झोका दिला, घसरगुंडीवर चढवलं, मग बाकावर बसून दुसऱ्यांची पोरं खेळताना बघत बसले, एकाची चप्पल निघाली ती घालून दिली. त्याची आई हसली, "किती वर्षांची हो तुमची?" वगैरे गप्पा झाल्या. घरी आले.

एवढंच हवंय मला. आता खेळ सोडून खरं सांगतो. मागे एकदा याच बागेत माझी मुलगी रडत होती, तिला आणखी खेळायचं होतं आणि मी तिला उचलून निघालो होतो. एक बाई समोर आडवी आली. माझ्याशी नाही बोलली, वाकून मुलीला विचारलं, "बाळा, हे कोण तुझे?" मुलगी चिडलेली, ती म्हणाली, "कुणी नाही!" पुढची पाच मिनिटं मी त्या बाईला मोबाइलमधले फोटो दाखवत होतो. फोटोंतसुद्धा मी नाही, कारण काढणारा मीच. हात थरथरत होते माझे. तेव्हापासून दुसऱ्याच्या मुलाची चप्पल निघाली तर मी बघून न बघितल्यासारखं करतो.

नुसतीच वाचक:
वाईट वाटलं वाचून. पण त्या बाईचंही चूक म्हणवत नाही. तिने विचारलं नसतं आणि उद्या काही भलतं झालं असतं तर?

गोगलगाय:
तिचं चूक मी म्हटलंच नाही. माझ्या मुलीसाठी कुणीतरी असं आडवं यावं असंच मला वाटेल. कारण माहीत आहे म्हणून लागत नाही, असं मात्र होत नाही.

रिकामटेकडा:
इतकं सिरियस होईल माहीत असतं तर पहिला प्रतिसाद जरा बरा लिहिला असता.

माझी एक खरी गोष्ट. ऑनलाइन गेममध्ये मी कायम बाईचं कॅरेक्टर घेते (नियमाप्रमाणे लिहितेय), बरेच पुरुष घेतात. कारण विचाराल तर तासन् तास स्क्रीनवर पाठमोरं कुणाला बघायचं, हा साधा हिशोब. पहिल्या आठवड्यात मजा होती. अनोळखी लोक फुकट तलवारी देत होते, वाट दाखवत होते, मी म्हटलं, वा, असं असतं होय, उगाच रडतात. दुसऱ्या आठवड्यात तलवार देणाऱ्याने विचारलं, कुठे राहतेस. मी उत्तर दिलं नाही, तर तलवार परत मागितली. परत दिली तर म्हणाला, भाव खातेस. मग तीन रात्री मी जिथे जाईन तिथे मागे. कॅरेक्टर खोटं, गाव खोटं, मला काही म्हणजे काही धोका नव्हता, पण तिसऱ्या रात्री लॉगिन करायच्या आधी माझा हात थांबला, तो ऑनलाइन असेल का म्हणून. त्या दिवशी मी हे प्रकरण कुणाला सांगितलं नाही कारण सांगणार काय?

मोरपंखी:
मी त्याच कारणाने माइक कायम म्यूट ठेवते आणि नाव पुरुषाचं घेते. म्हणजे कदाचित आपण दोघं एकमेकांसमोर लढलोही असू, तू बाई बनून आणि मी बाप्या बनून 😀

डॉक मोड ऑन:
ड्युटीवर आहे, खेळ नंतर. तोवर शरीराची बाजू.

एका रात्रीत शरीर बदललं तर घरातली औषधं लगेच घेऊ नका. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी आहे. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१३ मध्ये बायकांसाठी तिचा शिफारशीतला डोस १० मिलिग्रॅमवरून थेट ५ केला, कारण बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते आणि सकाळी गाडी चालवताना रक्तात बऱ्यापैकी उरलेली असते. तोवर ती गोळी बाजारात येऊन वीस वर्षं झाली होती. वीस वर्षं बायका पुरुषाच्या मापाची झोप घेत होत्या.

ऑफिसातल्या एसीचंही तेच. इमारतीतलं तापमान ठरवायची जी रीत १९६० च्या दशकात बसवली गेली, तिच्यात माणूस म्हणजे ४० वर्षांचा, ७० किलोचा पुरुष धरला होता. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी मोजून दाखवलं की बायकांचं शरीर तेवढी उष्णता तयार करत नाही. त्यामुळे पुरुष झालात तर खुर्चीवरची ती शाल पहिल्याच दिवशी काढून टाकाल.

आणि मुदत वर्षाचीच ठेवा. कायमची अदलाबदल केलीत तर जगाच्या सरासरीने बायकांची पाचेक वर्षं कमी होतील आणि पुरुषांना तेवढी फुकट मिळतील.

उंटावरचा शहाणा:
डॉक्टरीणबाई, याला मी माहिती म्हणेन, बाकीच्यांचं कीर्तन चाललंय. पण यातही व्यवस्थेचा कट वगैरे शोधू नका. कुणीतरी एक माप धरावं लागतं, धरलं.

नुसतीच वाचक:
हो, आणि ते एक माप दर वेळी योगायोगाने तुमचंच निघतं. गाड्यांच्या टकरीच्या चाचण्यांतले पुतळेसुद्धा कित्येक वर्षं सरासरी पुरुषाच्या मापाचे. २०११ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, बेल्ट लावलेल्या बाई ड्रायव्हरला तशाच टकरीत गंभीर इजा व्हायची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्क्यांनी जास्त निघाली. तुम्ही एक वर्ष माझ्या सीटवर बसून बघा, मग कीर्तन कुठल्या रागात म्हणायचं ते ठरवू.

उंटावरचा शहाणा:
झालं, म्हटलं नव्हतं? भांडण.

शेवटचा बाक:
जरा पाणी ओततो (ओतते) या आगीवर. हा प्रश्न आपल्याकडे फार आधी विचारून झालाय. महाभारतात अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की स्त्रीपुरुषांच्या संगात जास्त सुख कुणाला? तेव्हा भीष्म भंगास्वन राजाची गोष्ट सांगतात. इंद्राचा त्याच्यावर राग, म्हणून शिकारीला गेलेल्या राजाला भूल पडते, तहानलेला राजा तळ्यात उतरतो आणि बाहेर येतो तो बाई होऊन. राजाला पहिली काळजी काय, तर आता घोड्यावर चढू कसा आणि घरी काय सांगू! आधीचे शंभर मुलगे होते, त्यांना राज्य देऊन ती वनात जाते, तिथे एका तापसापासून आणखी शंभर मुलगे. पुढे इंद्र दोन्हीकडच्या भावांत कळ लावतो, सगळे एकमेकांना मारून मोकळे होतात. शेवटी इंद्र विरघळतो आणि विचारतो, कुठले शंभर जिवंत करू? ती म्हणते, बाई म्हणून ज्यांना जन्म दिला ते. मग सगळेच जिवंत करून इंद्र म्हणतो, हवं तर तुला परत पुरुष करतो. ती नको म्हणते.

ग्रीकांकडे टायरेसियसची गोष्ट आहे, तोही सात वर्षं बाई होऊन आलेला. देवदेवींच्या वादात त्याने साक्ष दिली की दहातले नऊ वाटे सुख बायकांना, आणि देवीने चिडून त्याला आंधळं केलं.

आता यातली मेख बघा. भंगास्वनाची गोष्ट सांगतंय कोण, तर भीष्म. आजन्म ब्रह्मचारी. दोन्ही बाजूंचा अनुभव शून्य.

रिकामटेकडा:
म्हणजे या धाग्यावर लिहायला सगळ्यात लायक माणूस 😂

मोरपंखी:
मला ते घोड्यावर चढू कसा फार आवडलं. हजारो वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याने सुखाच्या हिशोबाआधी हे लिहिलं, म्हणजे थोडा तरी विचार केला होता त्याने.

संथ:
बरेच दिवस नुसतं वाचत होते. (पुरुष आहे, नियम पाळतेय.)

मागच्या वर्षी वडील गेले. मी घरातली मोठी. दवाखान्याचे कागद, फोन, कुणाला कळवायचं, कोण येणार, कुठे उतरणार, सगळं माझ्याकडे. लोक येत होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारत होते, "आई कशी आहे? बहीण कशी आहे? सांभाळ हं त्यांना." मी म्हणत होते, हो, सांभाळतो. दहा दिवसांत एकानेही विचारलं नाही की तू कसा आहेस, आणि खरं सांगायचं तर विचारलं असतं तर मला राग आला असता.

तर माझं एक वर्ष नको, मला तो एकच दिवस पुन्हा द्या, आणि त्या दिवशी मला बाई करा. त्या दिवशी मी दारातच बसले. आत्या आली, तिने मला जवळ घेतलं, मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडले. कागद कुणीतरी दुसऱ्याने भरले. मी रडले, थांबले, परत रडले. संध्याकाळी कुणीतरी मला भरवलं. मी झोपले.

अर्धविराम:
...

नुसतीच वाचक:
संथ, काय लिहू कळत नाहीये. एवढंच विचारते, आता कसे आहात?

संथ:
बरी आहे. म्हणजे बरा आहे. गंमत सांगू का, "मी रडलो" हे मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही, बोललेलोही नाही. "रडले" लिहिताना बोट अडलं नाही. कुणीतरी दुसरीच रडतेय असं वाटलं.

डॉक मोड ऑन:
ड्युटी संपली, पण खेळायचा मूड राहिला नाही. एवढंच सांगते, जगभरात आत्महत्येने जाणाऱ्या पुरुषांचं प्रमाण बायकांच्या दुपटीहून जास्त आहे. त्याला कारणं अनेक, पण ओपीडीत पुरुष येतो तो "झोप लागत नाही" किंवा "छातीत दुखतंय" म्हणून येतो, आणि पंधरा मिनिटं फक्त छातीबद्दलच बोलतो. उठताना दाराशी थांबून एक वाक्य बोलतो. ते ऐकायला मी आता मुद्दाम मान वर करून बसते.

प्रयोगवही:
इथे सगळे कल्पना करताहेत, पण दोन्ही बाजूंनी जगलेली माणसं आहेत की. बेन बॅरेस, स्टॅनफर्डमधले मेंदूशास्त्रज्ञ, २०१७ मध्ये गेले. १९९७ मध्ये, चाळिशी उलटल्यावर त्यांनी लिंगबदल केला, तोवर जगासाठी ते बाई होते. विद्यार्थिदशेत अमेरिकेतल्या एमआयटीत गणिताचा एक अवघड प्रश्न वर्गात त्यांना एकट्यालाच सुटला, तर प्राध्यापक म्हणाले, तुझ्या बॉयफ्रेंडने सोडवला असणार. आणि लिंगबदलानंतर एका भाषणाला बसलेला कुणी शास्त्रज्ञ म्हणाला, बॅरेसचं आजचं भाषण उत्तम झालं, पण त्याचं काम त्याच्या बहिणीपेक्षा खूपच चांगलं आहे. बहीण म्हणजे तेच, आधीच्या नावाने! २००६ मध्ये त्यांनी स्वतः हे जाहीरपणे लिहिलं.

दुसरं २०१७ मध्ये गाजलेलं. अमेरिकेत एका छोट्या कंपनीतल्या पुरुषाची ईमेलखालची सही चुकून सहकारिणीच्या नावाची राहिली आणि एक ग्राहक एकदम उद्धट वागायला लागला. त्याने आपलं नाव सांगितल्यावर तोच ग्राहक सुतासारखा सरळ. मग दोघांनी दोन आठवडे मुद्दाम सह्या बदलून काम केलं. तो रडकुंडीला आला, आणि तिचं काम कधी नव्हे इतकं भराभर झालं. शरीर नाही, आवाज नाही, फक्त एक नाव बदललं होतं.

पहिला पाऊस:
हा धागा दोनदा उघडला, दोनदा बंद केला. आता लिहूनच टाकतो. मी ट्रान्स पुरुष आहे. तुमच्या खेळात वर्षाने परत यायची सोय आहे, म्हणून तो खेळ आहे, आणि त्याबद्दल राग नाही, पण एक दुरुस्ती करायची आहे. मी काही अदलाबदल केली नाही. मी होतो तोच राहिलो, बदलले ते बाकीच्यांचे शब्द, तेही एकेक करून, वर्षं लागली.

क्रियापदांचं म्हणाल तर तुम्हाला टाइप करताना कसंतरी झालं ना, ते मला लहानपणापासून रोज व्हायचं. "मी आले" म्हणायला नको म्हणून मी दारातून आत शिरताना काही बोलतच नसे. कुंपणावर यांनी जी युक्ती केली ती मी शाळेत असल्यापासून करतोय, मला भूक लागली, मला झोप आली, मी केलं, मी करीन. वर्गात सगळ्यांना वाटायचं मी फार कमी बोलणारी आहे. कमी नव्हतो बोलत, वाक्यं चुकवत होतो.

२९व्या वर्षी हार्मोन सुरू झाले, आवाज फुटला. आई "आलीस, बसलीस"च म्हणायची. मी कधी टोकलं नाही. मग एका रात्री फार उशीर झाला, फोन बंद पडलेला, दार उघडल्या उघडल्या ती ओरडली, "कुठे होतास इतका वेळ?" तिच्या लक्षातही आलं नाही. मी पायातले बूट काढायचं नाटक करत खाली वाकून राहिलो, कारण तोंड वर करायची सोय नव्हती.

मोरपंखी:
"कुठे होतास" वाचून मीच फोन खाली ठेवला जरा वेळ.

रिकामटेकडा:
पहिला पाऊस, एक प्रश्न, पटला नाही तर सोडून द्या. दोन्हीकडून जग बघितल्यावर फरक कुठे जाणवला?

पहिला पाऊस:
विचारलंत ते बरं. दोन गोष्टी. लोक माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायला लागले, मला सवय नव्हती, मी आपला घाईघाईत बोलून संपवायचो आणि समोरचा अजून ऐकतच असायचा. आणि दुसरं, मला कुणी हात लावायचं बंद झालं. पूर्वी मैत्रिणी गळ्यात पडायच्या, बसमध्ये एखादी आजी मांडीवर हात ठेवून बोलायची. ते एकदम थांबलं. पहिली मिळकत, दुसरी वजाबाकी, दोन्ही एकाच महिन्यात.

डॉक मोड ऑन:
आवाजाबद्दल एक जोडते, कारण फार जणांना माहीत नसतं. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनने स्वरतंतू जाड होतात आणि मग पातळ होत नाहीत. त्यामुळे ट्रान्स स्त्रियांचा आवाज औषधांनी बदलत नाही, त्यांना तो सरावाने घडवावा लागतो, अक्षरशः गाण्याच्या रियाजासारखा.

नुसतीच वाचक:
उंटावरून खाली उतरा हो शहाणे, बघा लोक काय काय लिहून गेले. तुम्हाला क्रियापद बदलायचं नाही, ठीक. एक सोपी गोष्ट करा. एक दिवस रात्री घरी चालत जाताना किती वेळा मागे वळून बघता ते मोजा. घरात कुणी बाई असेल तर तिलाही मोजायला सांगा. आणि दोन्ही आकडे इथे लिहा, कीर्तन नको.

उंटावरचा शहाणा:
मोजलं. शून्य. बायकोला सांगितलंय, आज तिला यायला उशीर आहे, आकडा टाकतो. फार तर तीन-चार असेल.

कुंपणावर:
मला वाटतं दहाच्या वर जाईल.

गोगलगाय:
कुंपणावर, आता तरी सांगून टाका बुवा, की बाई.

कुंपणावर:
मला झोप आली. उद्या बोलू.

उंटावरचा शहाणा:
आत्ता पोचले. मोजायला सांगितलं होतं मला, पण खरं सांगू, स्टॉपवरून निघाले तेव्हा लक्षात होतं, कोपऱ्यावर वळेपर्यंत चार झाले होते, पाचवं झालं तेव्हा मागे खरंच कुणीतरी होतं म्हणून थांबून त्याला पुढे जाऊ दिलं, त्यात मोजणं राहून गेलं. मग किल्ली हातात धरून भराभर चालले. आकडा नाही देता येणार.

रिकामटेकडा:
अरे वा वा वा!! शेवटी उतरलात की खेळात! क्रियापदं एकदम करेक्ट, आणि ती किल्लीची डिटेल तर हुबेहूब!

अर्धविराम:
खरंच, मला तर वाटलं बाईच लिहितेय. थांबून पुढे जाऊ देणं पुरुषाला कसं सुचलं?

उंटावरचा शहाणा:
अहो मी त्यांची बायको. त्यांचाच आयडी उघडा होता. ते समोर बसलेत, केव्हाचे विचारताहेत, पाचव्या वेळी मागे होता तो कोण होता. मी सांगितलं, कुणी नाही, चालला होता आपला घरी. तरी परत विचारताहेत.